चेशरमधलं वाकडं घर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळी झाले होते. चार दिवसांनी बाईंचाच फोन आला. "तू इंग्लंडला होतीस ना? तिथल्या एखाद्या जुन्या वास्तूवर लिही. आणि हे बघ, प्रवासवर्णन नको. काय खाल्लं, किती थंडी होती ते नको. इतिहास लिही." सनावळ्या रात्रभर घोकून सकाळी उत्तरपत्रिकेवर ओतणारी ही मुलगी इतिहास काय लिहिणार, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरीही त्यांनी सांगितलं, आणि तीस वर्षांनंतरही मला नाही म्हणता आलं नाही.

कुठल्या वास्तूवर लिहायचं याचा मात्र मला विचार करावा लागला नाही. इंग्लंडमधल्या दीड वर्षात मी किल्ले, चर्च, राजवाडे पाहिले आणि त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक घर तेवढं वेगळं राहिलं. त्याचं कारण पुढे येईल. घराचं नाव लिटल मोरटन हॉल.

मँचेस्टरहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीने काँगल्टनला उतरलं की ते सातेक किलोमीटरवर आहे. चेशर परगण्याचा हा भाग सपाट, हिरवा, गाई-गुरांचा. कुरणाच्या पलीकडे ते दिसतं आणि आधी वाटतं की आपल्या डोळ्यांतच काहीतरी बिघडलंय. पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या लाकडांची जाळी, तिच्यात चौकटी, चौकटींत तिरक्या पट्ट्या, कुठे चार पाकळ्यांची फुलं. सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांची सलग रांग. आणि या सगळ्यात धड सरळ अशी एकही रेघ नाही. मधला भाग बसलेला, कडा बाहेर झुकलेल्या. पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं ते घर खंदकाच्या काठावर उभं आहे. खंदक दहा मीटर रुंद. तो घरापेक्षा जुना, बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकात आधीच्या कुठल्यातरी वास्तूभोवती खणलेला. लढाईसाठी त्याचा फारसा उपयोग नसावा. 'आम्ही खंदकवाले' हे शेजाऱ्यांना दिसलं की काम झालं.

मोरटन हे घराण्याचं नाव, आणि ते जागेवरूनच आलेलं. जुन्या इंग्रजीत 'मोर' म्हणजे दलदल आणि 'टुन' म्हणजे वस्ती. १३४८च्या प्लेगने इंग्लंडमधली गावंच्या गावं रिकामी केली, जमिनी पडत्या भावाने विकायला निघाल्या, आणि ज्यांच्या गाठीला चार पैसे होते त्यांनी त्या घेतल्या. मोरटन त्यांच्यापैकी. पुढे १५३०च्या दशकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा मठांच्या जमिनीही बाजारात आल्या. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोरटनांची इस्टेट दुप्पट झाली होती. दुसऱ्यांच्या आपत्तीतून उभं राहिलेलं हे वैभव आहे, हे त्या घराच्या नक्षीवर भाळताना लक्षात असू द्यावं.

घराचा सर्वांत जुना भाग १५०४ ते १५०८ या काळातला. विल्यम मोरटन याने बांधलेला मोठा दिवाणखाना आणि त्याला लागून पूर्वेची बाजू. मग त्याच्या मुलाने, म्हणजे दुसऱ्या विल्यमने, १५४६मध्ये पश्चिमेची बाजू पाडून नवी बांधली. नातू जॉन याने १५६० ते १५६२च्या सुमारास दक्षिणेची बाजू उभारली आणि तिच्यात आपल्या वाड्यांच्या देवडीसारखा प्रवेशदरवाजा घेतला. १६१०च्या आसपास एक लहान स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची खोली जोडली गेली, आणि घर वाढायचं थांबलं. मधोमध गोट्यांची फरसबंदी केलेला छोटा चौक. तीन बाजूंना तीन वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या उंचीची बांधकामं. सगळ्याचा मिळून एक नकाशा कुणी कधी काढलाच नव्हता. आमच्या धंद्यात अशा गोष्टी रोज बघायला मिळतात. पहिल्याने लिहिलेलं चालतंय म्हणून दुसऱ्याने हात लावला नाही, त्याने आपलं शेजारी जोडलं, आणि तिसऱ्याने त्या दोघांच्या डोक्यावर.

आता हे घर मुळात उभं कसं राहतं ते सांगते, कारण त्यातच माझा जीव अडकलाय. इथे भिंती भार घेत नाहीत. भार घेतो तो ओकच्या लाकडाचा सांगाडा, आणि तो बसतो दगडी जोत्यावर, म्हणजे जमिनीची ओल थेट लाकडाला लागत नाही. उभे खांब, त्यांच्यावर आडव्या तुळया, आणि चौकट तिरकी होऊ नये म्हणून कोपऱ्यांत तिरके आधार. दोन खांबांच्या ओळींमधल्या जागेला इंग्रजीत 'बे' म्हणतात आणि जुन्या कागदपत्रांत घर केवढं हे अशा बे मोजून सांगितलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडेही वाडा किती मोठा म्हटलं की कुणी चौरस फूट सांगत नसे, खण सांगत. पाच खणांचं सोपं, सात खणांची माडी. सागवान असो की ओक, लाकडी तुळई किती लांब मिळते यावरच दोन्हीकडे घराचं माप ठरत होतं.

ओक कापायचा तो ओला असताना. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्यारांची धार टिकत नाही. म्हणून झाड पाडलं की थोड्याच काळात त्याचे खांब आणि तुळया व्हायच्या. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाचं भोक पाडायचं, जीभ आत सारायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. यातली हुशारी खुंटीच्या भोकांमध्ये आहे. दोन लाकडांतली भोकं मुद्दाम केसभर पुढे-मागे पाडतात. खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि सांधा आपोआप आत ओढला जातो. नंतर वर्षानुवर्षं लाकूड वाळतं, आकसतं, पिळवटतं, आणि सांधे आणखी आवळले जातात. म्हणजे बांधून झाल्यावरही घराचं काम चालूच राहतं.

पूर्ण सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवायचा, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखी खूण कोरायची, मग सगळं सुटं करून जागेवर आणायचं आणि खुणा जुळवत उभं करायचं, अशी ही पद्धत. खुणा रोमन आकड्यांसारख्या, कारण सरळ रेघा पटाशीने मारायला सोप्या. चार लिहायचा तर चार उभ्या रेघा. एक तुळई उलटी बसली तरी घोटाळा नको, म्हणून उजवी-डावी ओळखायलाही वेगळी खूण. इंग्लंडमधल्या अनेक जुन्या घरांत या खुणा अजून दिसतात. आमच्या सौंदळकर... नाही, नावं नको म्हणून संपादकांनी बजावलंय. आपल्या हस्तकलेच्या सरांनी हे पाहिलं असतं तर वर्गात सगळ्यांना उभं करून दाखवलं असतं.

सांगाड्याच्या मधल्या चौकटी भरायला अशा घरांत कुड वापरत. हो, आपल्या कोकणातला कुडच. काटक्या किंवा चिरलेल्या पट्ट्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण, पेंढा यांचा लेप द्यायचा. वर चुन्याचा गिलावा. फक्त तिकडे पावसाळा बाराही महिने. त्यामुळे लेप फुगतो, पडतो, आणि वेळोवेळी बदलावा लागतो. लिटल मोरटनमध्येही काही चौकटींत पुढे विटा आल्या. धुराडी तेवढी मुळात विटांची, बाकी सगळा डोलारा लाकडाचा.

एक लोककथा इथे खोडून टाकते. इंग्लंडमध्ये कुठल्याही जुन्या लाकडी घरात जा, कुणीतरी हमखास सांगतं की ही लाकडं मोडलेल्या जहाजांची आहेत. पुरावा काय, तर तुळयांमध्ये रिकामी भोकं आहेत! रिकामी भोकं असतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या घरातून आणलेल्या लाकडाची, किंवा त्याच घरात आधी तिथे काही जोडलेलं होतं आणि पुढे काढलं, याची. समुद्रापासून कोसभर आत ही जहाजं कुणी कशाला ओढत आणील? पण आपल्याकडे नाही का, प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार असतंच.

चौकात उभं राहून दिवाणखान्याकडे पाहिलं की दोन मोठ्या खिडक्या अंगावर येतात. खिडक्या म्हणणं अपुरं आहे, ते दोन पाच-कोनी, काचेचे दुमजली सज्जेच आहेत आणि ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांची छपरं एकमेकांना भिडतात. जागा पुरत नसताना दोघींनी एकाच बाकावर बसावं तसं. त्या काळी काच महाग होती. जेवढ्या जास्त खिडक्या तेवढी घराण्याची ऐपत मोठी. अख्ख्या घरात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या अशा काचा सुमारे ३०,००० आहेत. त्यांतल्या बऱ्याच मूळ सोळाव्या शतकातल्या, आणि दोन शेजारच्या काचांचा रंग सारखा नाही. कुठे हिरवट झाक, कुठे पिवळसर.

या खिडक्यांवर मजकूर कोरलेला आहे. एका ठिकाणी मालकाचं नाव आणि साल: या खिडक्या विल्यम मोरटनने १५५९मध्ये करवल्या. आणि तिथेच दुसरं नाव: रिचर्ड डेल, सुतार, याने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या. त्यातल्या 'कार्पेंटर' या शब्दाचं स्पेलिंग 'कार्पेडर' असं झालंय. पावणेपाचशे वर्षं ती चूक भर चौकात मिरवते आहे. मला ती ओळ फार आवडली. मालकाचं नाव कोरलेलं कुठेही सापडतं. पण ज्याने पटाशी धरली त्याने स्वतःचं नाव, धंद्यासकट, मालकाच्या नावाच्या पंक्तीला बसवलं आणि मालकाने ते राहू दिलं, हे मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी त्या उंच दिवाणखान्यात मध्येच एक मजला घालून त्याच्या दोन खोल्या केल्या. पूर्वी तिथे बहुधा जमिनीवर मधोमध चूल पेटवून धूर छपरातून जाऊ देत असत. धुराडी आली, धूर गेला, मग वरची रिकामी हवा वाया का घालवा, असा तो हिशेब. पुढे कधीतरी कुणीतरी तो मजला काढूनही टाकला. आज दिवाणखाना पुन्हा छपरापर्यंत मोकळा आहे.

आणि आता वरची गॅलरी. तिच्यासाठीच मी इथवर आले.

दक्षिणेच्या बाजूचं काम सुरू झाल्यावर, ठरलेल्या मजल्यांच्या वर आणखी एक लांबच लांब दालन चढवायचं ठरलं, असं बांधणीवरून दिसतं. श्रीमंत घरांत अशा गॅलरीची तेव्हा टूम निघाली होती. बाहेर पाऊस असला की आत येरझाऱ्या घालायच्या, पोरांनी खेळायचं, पाहुण्यांना मिरवून दाखवायचं. लांबी ६८ फूट, म्हणजे जवळजवळ २१ मीटर. आपले वर्ग आठवा, तसे तीन एकापुढे एक मांडले तर होईल एवढी. तिच्या लाकडी तक्तपोशीमागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू सापडले आहेत. कुणाचा तरी चेंडू फटीत गेला आणि काही केल्या निघाला नाही, एवढी एक गोष्ट त्या घरात मला अगदी आपल्या शाळेची वाटली.

गॅलरीच्या दोन टोकांना गिलाव्यात घडवलेल्या दोन स्त्रिया आहेत. एका टोकाला चाकवाली दैवगती, जिचा कारभार अज्ञानाचा. दुसऱ्या टोकाला नियती, जिचा कारभार ज्ञानाचा. या आकृत्या घेतल्या आहेत रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५६ साली निघालेल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकावरून. हा रेकॉर्ड म्हणजे गणितातलं बरोबरचं चिन्ह, त्या दोन समांतर आडव्या रेघा, ज्याने १५५७मध्ये पहिल्यांदा छापात आणल्या तो. दोन समांतर रेघांइतकी सारखी दुसरी कुठलीच वस्तू नसते म्हणून त्याने ते चिन्ह निवडलं. मी रोज शेकडो वेळा ते टाइप करते. आणि त्याच्या पुस्तकातलं चित्र अशा दालनात लावलंय जिथे कुठल्याही दोन रेघा समांतर नाहीत!

जमिनीच्या फळ्या लाटांसारख्या वर-खाली जातात. चालताना पाय आपोआप जपून पडतो. भिंती बाहेरच्या बाजूला कललेल्या, प्रत्येक वेगळ्या कोनात. कारण डोक्यावर आहे. छप्पर दगडी लाद्यांचं आहे, जाड, भयंकर जड. पत्त्यांचा बंगला करताना दोन पत्ते एकमेकांवर टेकवले की काय होतं ते आठवा. टोकं जुळून राहतात, पण पाय बाहेर सरकतात. छपराचे वासेही तसेच, भिंतींना बाहेर ढकलतात. हे होऊ नये म्हणून साधारणपणे तळाशी एक आडवी तुळई टाकून दोन्ही पाय बांधून ठेवतात. पण गॅलरी मोकळी, उंच दिसायला हवी होती, म्हणून इथे कमानदार आधारांवर भागवलं. भिंती सुटायला लागल्या. आज कैच्यांच्या मध्ये ज्या आडव्या तुळया दिसतात त्या बहुधा सतराव्या शतकात मागाहून घातलेल्या आहेत, सगळं फाकून पडू नये म्हणून. खालच्या मजल्यांना या वजनाची कल्पनाच दिलेली नव्हती. ते वाकले. जड ओझ्याखाली ओला ओक हळूहळू वाकतो, आणि वाकलेल्याच अवस्थेत वाळून दगडासारखा होतो.

मी त्या गॅलरीत मधोमध उभी होते. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मला मात्र घाम फुटला होता, आणि त्याचं कारण चेशरमध्ये नव्हतं.

तुमच्यातल्या निम्म्याजणांनी आमचा पेठेतला वाडा पाहिलेला आहे. दहावीच्या वर्षी माडीवर आपण सात-आठजणी अभ्यासाला बसायचो. जिन्याची चौथी पायरी वाजायची, म्हणून आई उठू नये यासाठी आपण ती ओलांडून जायचो. २०११मध्ये काकांचा फोन आला. माडीची मधली तुळई खाली आलीय, मागचा खांब कललाय, भाऊबंदांत दोन तट पडलेत. "तू इंजिनिअर आहेस. तू सांगशील तसं करू." मी कॉम्प्युटरची इंजिनिअर. पहिल्या वर्षाला सगळ्यांना असतो तो अप्लाइड मेकॅनिक्सचा पेपर, एवढंच माझं त्यातलं भांडवल. मी व्हिडिओ कॉलवर तुळई पाहिली. मला दिसलं की ती सरळ नाही. मी म्हणाले, "काका, लाकूड वाकलंय म्हणजे संपलंय. पाडा." काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं." पाच महिन्यांत जागा मोकळी झाली. खांब आणि तुळया जुनं लाकूड घेणाऱ्याने घनफुटावर नेल्या. नेताना तो काकांना म्हणाला होता की असलं सागवान आता मिळत नाही, आतून एकदम ठणठणीत आहे. हे काकांनी मला वर्षभराने सांगितलं, आणि तेही सहज, जेवता जेवता.

लिटल मोरटनमध्ये मला कळलं ते एवढंच, की वाकलेलं आणि संपलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विटेची भिंत इतकी हलली तर तडकते. खुंट्यांनी जोडलेला लाकडी सांगाडा आधी थोडा देतो, भार दुसऱ्या वाटेने उतरवतो आणि नव्या आकारात स्थिरावतो. तो अजून हलतोय का, सांधे निसटलेत का, पायाशी लाकूड कुजलंय का, हे बघायचं असतं. रेघ सरळ आहे का हे नाही. आमच्या तुळईच्या टोकाला कुणी टोचूनही पाहिलं नव्हतं.

पण बाईंनी इतिहास लिही म्हटलंय, तेव्हा माझ्या पश्चात्तापाला सोयीचं तेवढंच सांगून चालणार नाही. हे घर निव्वळ सुताराच्या कौशल्यावर टिकलेलं नाही. उलट ते टिकलं याचं एक मोठं कारण म्हणजे मोरटन भिकेला लागले.

१६४२मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. मोरटन राजाच्या बाजूचे, आणि आजूबाजूचा सगळा मुलूख पार्लमेंटवाल्यांचा. १६४३मध्ये घर ताब्यात घेऊन तिथे पार्लमेंटचे सैनिक ठेवण्यात आले. अर्जविनंत्या करून घर परत मिळालं, पण कंबरडं मोडलं. इस्टेट विकायला काढली तर जमिनीचे थोडेफार तुकडेच गेले. १६५४मध्ये त्या वेळचा विल्यम मोरटन वारला तेव्हा मागे तीन ते चार हजार पौंडांचं कर्ज होतं, आणि तेव्हाचे पौंड म्हणजे अबब. १६७०च्या दशकाच्या अखेरीस घराणं तिथे राहतच नव्हतं. घर शेतकऱ्यांना भाड्याने दिलेलं.

इतर जमीनदारांनी अठराव्या शतकात काय केलं? लाकडी घरं गावंढळ वाटू लागली म्हणून पाडली किंवा त्यांच्या तोंडावर विटांचा नवा मुखवटा चढवला, सरळ रांगेत सारख्या खिडक्या काढल्या. मोरटनांकडे त्यासाठी पैसेच नव्हते. जे होतं ते तसंच राहिलं. १८४७पर्यंत बहुतेक घर ओस पडलेलं, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, छप्पर कुजलेलं, आणि प्रार्थनेच्या खोलीत कोळसा साठवलेला. १८४१पासून तिथे भाडेकरू म्हणून जे शेतकरी कुटुंब राहिलं ते शंभराहून अधिक वर्षं राहिलं, आणि त्यांचं आडनाव डेल. खिडकीवरच्या सुताराचंच आडनाव. नातं लावायचा मोह मी आवरते.

१८९२मध्ये घर एलिझाबेथ मोरटन हिच्याकडे आलं. ती घराण्यातली शेवटची, आणि अँग्लिकन पंथाची जोगीण. तिने प्रार्थनेची खोली पुन्हा नीट केली. गॅलरी सावरण्यासाठी घातलेल्या पोलादी सळयाही बहुधा तिच्याच काळातल्या. १९१२मध्ये तिने घर आपला नातलग बिशप चार्ल्स अब्राहम याच्या नावे केलं, अट एकच: कधीही विकायचं नाही. त्याने ते लोकांना पाहायला खुलं केलं. तिकीट सहा पेन्स, आणि ते गोळा करून घर दाखवायचं काम डेल मंडळींकडे. १९३८मध्ये त्याने आणि त्याच्या मुलाने ते नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं.

तरी घराने सुखाने राहू दिलं नाही. १९७६मध्ये बैठकीच्या खोलीतली नंतरची तक्तपोशी काढताना तिच्यामागे सोळाव्या शतकातली रंगवलेली भिंत निघाली, सुझानाच्या बायबलमधल्या कथेच्या चित्रांची. ती आनंदाची बातमी. लगेच १९७७मध्ये लक्षात आलं की दक्षिणेच्या छपरावरच्या लाद्या सुटू लागल्या आहेत. मग सहा टप्प्यांची दुरुस्ती हाती घेतली गेली. पोलाद आहे, विटांचे टेकू आहेत, बदललेली लाकडं आहेत. वाकडं घर आपोआप उभं राहत नाही. कुणीतरी दर पिढीला पदरमोड करून ते उभं ठेवतं, आणि आमच्या भाऊबंदांत ती ऐपत होती असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. काकांना मी 'पाडू नका' म्हटलं असतं तर पैसे कुणी घातले असते? मी दिले असते का? तेव्हा माझं घराचं कर्ज नुकतंच सुरू झालं होतं.

एक गंमत राहिली. ज्या काळ्या-पांढऱ्या रूपावर सगळे भाळतात ते मूळचं नाहीच. लाकडं काळी करायची टूम एकोणिसाव्या शतकातली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. मोरटनांच्या वेळी ओक तसाच उघडा ठेवलेला असे. ऊन-पावसाने तो रुपेरी करडा व्हायचा, आणि मधल्या चौकटी पिवळ्या मातीच्या रंगाच्या. म्हणजे विल्यम मोरटन आज परत आला तर त्याला वाकडेपणाआधी रंग खटकेल. दुरुस्तीत जी नवी लाकडं घातली ती ट्रस्टने काळी रंगवली नाहीत, नैसर्गिक रंगातच ठेवली. जुनं कुठलं आणि कालचं कुठलं, हे बघणाऱ्याला चटकन कळतं. ही प्रामाणिक पद्धत मला पटली. आम्हीही कोडमध्ये बदल केला की तारीख आणि नाव टाकतो. निदान टाकायला हवं.

घर दाखवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. (शिक्षिका कुठेही ओळखू येतात.) मी त्यांना विचारलं, एवढी लाट असलेल्या जमिनीवर रोज शेकडो माणसं चढवताना भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "नव्या घरांची वाटते."

तर असं हे घर. त्याच्या खिडक्या कोणी केल्या, कोणत्या साली केल्या, १५९९च्या यादीत घरात कोणतं कपाट होतं आणि त्याला कप्पे होते, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकते. ते कपाट अजून तिथे आहे. आणि जिथे मी वीस वर्षं राहिले त्या वाड्याचे खण किती होते हे विचाराल तर मला सांगता येत नाही. काका म्हणायचे सात, आत्या म्हणते नऊ. कुणी मापं घेतली नाहीत, नकाशा काढला नाही. सुताराचं नाव पणजोबांच्या वहीत होतं म्हणतात, ती वही हलवाहलवीत गेली. माझ्याकडे वाड्याचे अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत माणसं आहेत. वास्तू म्हणजे त्यांच्या पाठीमागे जेवढी आली तेवढी.

म्हणून एक काम सांगते. मार्च ९५मध्ये, पेपर संपले त्या संध्याकाळी, आमच्या ओसरीवर आपण सगळ्यांनी भेळ केली होती आणि कुणीतरी कॅमेरा आणला होता. कोणी आणला होता ते मला आठवत नाही. ज्याच्या किंवा जिच्या घरी तो रोल धुतलेला असेल, अल्बममध्ये असेल, माळ्यावर डब्यात असेल, तर स्नेहसंमेलनाला घेऊन या. चेहरे अर्धे कापले गेलेले चालतील, डोळे मिटलेले चालतील. मला मागचे खांब मोजायचे आहेत.